राजमान्य राजेश्री प्रतिबिंबपेटी यांस अनावृत पत्र

एडवण, तालुका व जिल्हा पालघर

राजमान्य राजेश्री प्रतिबिंबपेटी, मुक्काम दूरचित्रवाणी संचाची पाठ, यांचे सेवेशी

सा. न. वि. वि.

आपण आमच्या घरी पायधूळ झाडलीत तेव्हापासून आपल्या कर्तृत्वाविषयी चार शब्द लिहावेत अशी इच्छा मनात होती; परंतु ज्यांच्या कृपेने घरातील एकही गुपित गुपित राहत नाही त्यांच्याशी बंद लिफाफ्यातून पत्रव्यवहार करण्यात काय हशील, असा पोक्त विचार करून हा मजकूर उघड्यावरच धाडीत आहे.

आपल्यापूर्वी या घरात करमणुकीचे खाते अँटेनाकडे होते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि पुढे यथावकाश आमच्या किनाऱ्यावरील वाड्यांतून बांबूंवर चढलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांनी दक्षिणेकडे, म्हणजे मुंबईकडे, तोंड करून उभे राहण्याचे व्रत घेतले. समुद्रावरून वारा सुटला की चित्राला मुंग्या येत आणि घरातील एखाद्या तरुणाची कौलांवर नेमणूक होई, हे खरे. तथापि त्या बिचाऱ्या सांगाड्याचा एक गुण आज आवर्जून आठवतो. मुंबईहून जे निघे तेच आणि तेवढेच तो खाली उतरवी. घरधन्याच्या नावे कोणाची चिठ्ठी आली आणि तीत काय लिहिले आहे, याची पंचाईत त्याने जन्मात केली नाही.

आपले घराणे त्या मानाने फारच सुशिक्षित. ॲपलने एअरप्ले आणले 2010 साली. वाय-फाय अलायन्स या संस्थेने मिराकास्टची सनद देण्यास आरंभ केला 2012 साली. गूगलचे क्रोमकास्ट अवतरले 2013 साली. फोनमधील चित्र मोठ्या पडद्यावर उतरवण्याचे तिन्ही शाखांचे कार्य एक, मात्र परस्परांत भाऊबंदकी अशी की एका शाखेचा फोन दुसऱ्या शाखेच्या पेटीपुढे तासभर ताटकळला तरी ओळख बहुधा पटावयाची नाही. ज्या घरात मुलाचा फोन एका कंपनीचा, सुनेचा टॅब दुसऱ्या कंपनीचा आणि पेटी तिसरीची, त्या घरातील संध्याकाळ ‘उपकरण शोधत आहे’ या गोल फिरणाऱ्या आश्वासनाकडे पाहण्यातच सरते.

ओळख पटल्यावर आपले काम दोन रीतींनी चालते, हे आम्ही आता जाणून आहो. पहिल्या रीतीत फोन आपणांस केवळ पत्ता सांगतो, चित्र आपण स्वतः इंटरनेटवरून आणता, आणि फोनधारक सुखाने दुसऱ्या उद्योगास लागतो. दुसऱ्या रीतीत फोनच्या पडद्याची नक्कल क्षणोक्षणी दाबून-आवळून हवेतून आपल्याकडे रवाना होते. त्या श्रमाने फोन तापतो, बॅटरी बसते, चित्र किंचित मागे रेंगाळते, आणि पडद्यावर जे जे उमटेल ते ते, बरे-वाईट न पाहता, सभेपुढे रुजू होते. आमची तक्रार या दुसऱ्या रीतीविषयी आहे.

गेल्या वैशाखात धाकट्या पुतणीस पाहावयास पाहुणे आले होते. चहापाणी झाले, ताडगोळ्यांची थाळी फिरली, आणि थोरलीच्या लग्नातील छायाचित्रे पाहावीत असा मुलाच्या मातोश्रींनीच आग्रह धरल्यावरून टॅब आपल्याशी जोडण्यात आला. हळदीची छायाचित्रे संपून मांडवातील सुरू होत होती, तोच बोईसरला राहणारे आमचे मेहुणे, ज्यांना घरबसल्या निकाल ऐकण्याची घाई झाली होती, त्यांचा संदेश नवरानवरीच्या मुंडावळ्यांवरून अलगद खाली उतरला: ‘मुलगा चांगला वाटतो. आईच्या तोंडाचा पट्टा थांबला का अजून?’ टॅबवर ही अक्षरे तांदळाच्या दाण्याएवढी असतात. आपण ती वितीएवढी केलीत. मातोश्रींनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि संदेश शांतपणे, शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत, वाचला. त्या चष्मा पुसत असता पतपेढीचा दुसरा संदेश येऊन कर्जाचा हप्ता थकल्याचीही वर्दी देऊन गेला.

प्रसंग सावरावा म्हणून वहिनींनी, ज्या ॲपची वर्षाची वर्गणी आम्ही आगाऊ भरली आहे त्यावरील एक चित्रपट टॅबवर लावला, आणि येथे आपले खरे स्वरूप प्रकट झाले. टॅबवर चित्रपट चालू होता. मोठ्या पडद्यावर मात्र निखळ काळोख पसरला. ध्वनी तेवढा स्वच्छ येत होता. नायिका रडत आहे, कोणीतरी दार आपटले, बाहेर पाऊस आहे, इतके कथानक आम्ही व पाहुणे मिळून कानांनी समजून घेतले.

या काळोखाची चौकशी केली तेव्हा कळले की तो बिघाड नव्हे, बंदोबस्त आहे. इंटेलने घडवलेली एच.डी.सी.पी. नामक पहाऱ्याची व्यवस्था 2000 सालापासून चित्रपटांच्या धन्यांची दौलत राखीत आहे. पेटी आणि पडदा यांच्यामधील तारेतही तिचाच शिपाई उभा, आणि दोन्ही टोकांनी आपली सनद दाखवल्याखेरीज तो चित्र पुढे सोडीत नाही. शिवाय कोणत्याही ॲपला आपला पडदा ‘राखीव’ म्हणून जाहीर करता येतो, की त्याची नक्कल काळीच निघते. बहुतेक बँकांची ॲपेही हाच मार्ग पत्करतात; मात्र तीच बँक आमची शिल्लक लघुसंदेशाने कळवते तेव्हा ते आकडे साऱ्या बैठकीपुढे बिनदिक्कत मिरवतात. बँकेचे पान राखीव, आम्हांस आलेले बँकेचे पत्र सार्वजनिक!

यावर आपले वकील म्हणतील की ‘व्यत्यय नको’ नावाची कळ फोनमध्ये आहेच, आणि अलीकडील काही फोनांत तर एकाच ॲपपुरते चित्र पाठवण्याचीही सोय आहे. ती वापरण्यास कोणी हरकत घेतली होती? हरकत कोणीच घेतली नव्हती. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. चित्रपटाच्या धन्यास आपली अब्रू राखण्यासाठी एडवणला येऊन दर संध्याकाळी कळ दाबावी लागते काय? त्याचा पहारा तो झोपला असताही जागा असतो, कारण नियमांचा मसुदा झाला तेव्हा त्याचा वकील तेथे हजर होता. आमची अब्रू मात्र आमच्या स्मरणशक्तीच्या जामिनावर सुटलेली, आणि पाहुणे दारात असता स्मरणशक्तीचा भरवसा कोणी द्यावा!

जुन्या घरांना ओटी असे आणि माजघर असे. ओटीवर तिऱ्हाईत बसे, माजघरात घरचे बोलत, आणि मधल्या दारातून काय बाहेर जावे हे घरची माणसे ठरवीत. फोन हे आमचे माजघर, दूरचित्रवाणी ही आमची ओटी. आपली नेमणूक मधल्या दारावर झाली आहे. ते दार आपण चित्रपटाच्या धन्याकरिता लावता आणि आमच्याकरिता सताड उघडे टाकता. तेव्हा मोल आमच्याकडून घेऊन चाकरी कोणाची करता, हे एकदा स्पष्ट व्हावे.

मार्च 2025 मध्ये यावर थोडा प्रकाश पडलाच. 2015 साली निघालेल्या क्रोमकास्टच्या दुसऱ्या पिढीच्या पेट्या जगभर एकाएकी बंद पडल्या. त्यांचे यंत्र शाबूत होते, वीज होती, पडदा होता. केवळ त्यांच्या पोटातील ओळखीच्या साखळीतील एका दाखल्याची दहा वर्षांची मुदत भरली होती, त्यामुळे फोन त्यांना तोतया ठरवू लागले. गूगलने, कोणी पेटीस मूळ स्थितीत आणण्याचा उपद्व्याप करू नये अशी ताकीद दिली, आणि काही दिवसांनी सुधारणा पाठवून त्यांना पुन्हा कामावर रुजू करून घेतले. रोख पैसे मोजून आणलेली, आपल्याच भिंतीवर आपल्याच विजेवर चालणारी वस्तू कोठल्या दप्तरातील दाखल्याच्या मुदतीवर जगते, हे लोकांस त्या आठवड्यात उमगले. आमच्या तहसील कचेरीतही दाखल्याची मुदत संपते. पण त्यामुळे माणूस जागच्या जागी थिजत नाही.

सबब अर्ज येणेप्रमाणे. एक: चित्र काळे करावयाचे तर त्यासोबत कारणाची एक ओळ मराठीत लिहावी, म्हणजे घरातील कोणी तारा उपसणार नाही. दोन: पेटी विकताना तिची ओळख किती साली संपुष्टात येणार, हे खोक्यावर किमतीशेजारी छापावे. तीन, आणि मुख्य: पडद्याची नक्कल सुरू होताच आलेले संदेश आपसूक झाकले जावेत, आणि ज्याला ते मिरवावयाचे असतील त्याने हवी तर कळ दाबावी. चित्रपटांसाठी जो काळोख आपण इतक्या निष्ठेने राखून ठेवला आहे, त्यातील मूठभर आमच्या मेहुण्यांच्याही वाट्यास यावा, एवढेच मागणे आहे.

लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक वर्गणीदार