चित्राविना चित्रकला

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या डेटाबेसमध्ये कलेतिहासावरचे लेख सहज सापडतात. अट एवढीच, की काय शोधायचे ते आधीच ठाऊक असावे. सर्चच्या चौकटीत नुसते ‘अजिंठा’ टाकले, की भित्तिचित्रांच्या आधी पर्यटन आणि बेसाल्ट खडक हजेरी लावतात. मग अवतरणचिन्हे घालावीत, ‘कला’ हा विषय निवडावा आणि ‘तज्ज्ञपरीक्षित’वर खूण करावी. एवढी गाळणी लागल्यावर यादी आटोपशीर होते, कधी कधी रिकामीही.

1995 साली सुरू झालेल्या जेस्टोर या शोधलेखांच्या डेटाबेसवर बऱ्याच नियतकालिकांचे ताजे अंक तीन ते पाच वर्षे अडवून ठेवलेले असतात. त्यामुळे संशोधनाचा ‘आजचा’ प्रवाह वाचकापर्यंत पोचेस्तोवर विद्यार्थ्याची पदवी हातात पडलेली असते. खरी गंमत पुढे आहे. चित्राच्या हक्कांचा प्रश्न असला, तर काही लेखांत चित्राच्या जागी करडा चौकोन दिसतो. खाली मात्र आकृतीचा क्रमांक, कलाकाराचे नाव, साल आणि संग्रहालय, सगळे बिनचूक. शेजारी रंगसंगतीवर दोन पाने.

अशा वेळी सरळ ग्रंथपालांना गाठावे. छापील अंक कोणत्या कपाटात आहे ते त्यांना ठाऊक असते, आणि त्यात चित्रही असते.