दूरदर्शनचे स्मरणरंजन

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राविषयी आज जे स्मरणरंजन, म्हणजे गतकाळाच्या आठवणी घोळवून त्यांत सुख मानण्याची जी वृत्ती, मध्यमवर्गीय मराठी घरांत बहरलेली दिसते, तिचे वैशिष्ट्य असे की ती ज्या कार्यक्रमांवर माया पाखडते, त्यांतील बरेचसे त्या काळी केवळ पुढचा कार्यक्रम लागेपर्यंत सोसले जात. शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’ शहरी प्रेक्षकाने पाहिला तो भातावरील रोगांविषयीच्या जिज्ञासेपोटी नव्हे, तर दुसरी वाहिनीच नव्हती म्हणून. तरीही आता तोच प्रेक्षक मातीशी असलेल्या आपल्या नात्याचा पुरावा म्हणून त्याचे नाव घेतो. विनोदी मालिकेतील दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांना मिळणारी दाद रास्तच आहे, वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांच्या स्वच्छ उच्चारांची आठवणही; पण या गुणग्राहकतेचा ओघ ‘व्यत्यय’ या पाटीपर्यंत पोहोचतो (प्रक्षेपण खंडित झाल्यावर पडद्यावर येणारी ती सूचना होती, कलाकृती नव्हे). गच्चीवर अँटेना फिरवणारा आणि पडद्यावरचे चित्र बिघडून ठिपके दिसू लागताच खालून ‘मुंग्या आल्या, मुंग्या आल्या!’ असे ओरडणारा यांच्यातील भांडणाला तर आता कौटुंबिक एकोप्याचे स्वरूप आले आहे. ‘तेव्हा दर्जा होता’ असे म्हणणाऱ्या या रसिकांना जुने भाग मोबाईलवर लावून दिले असता ते पहिली पाच मिनिटे सद्गदित होतात, सहाव्या मिनिटाला वेग दीडपट करतात आणि ‘आवर्जून पहा’ असा शेरा मारून तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलून देतात.