मु. पो. मुकुटबन

पत्त्यात ‘मु. पो.’ जोडून लिहायला मिळणं ही आमच्याकडे लहानशी जहागिरीच आहे. भोवतालच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कोलाम माणसाला आधी आपल्या पोडाचं ‘मु.’ लिहावं लागतं आणि मग परगावाचं ‘पो.’. मुकुटबनवाला दोन्ही एका दमात लिहितो. त्यापुढे ‘ता. झरी जामणी’ लिहिताना मात्र त्याचा हात थोडा अडखळतो. कारण रेल्वे स्टेशन आमचं, सिमेंटचा कारखाना आमचा आणि तहसील झरीला! असो.

पत्त्याच्या शेवटी पिनकोड येतो. ही पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. गृहस्थ संस्कृतचे पंडित, संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारे. पण देशाच्या तोंडी बसले ते सहा आकड्यांमुळे. 15 ऑगस्ट 1972 पासून महाराष्ट्राच्या वाट्याला 40 ते 44 आले आणि त्यातला 44 अख्ख्या विदर्भाला मिळाला. नागपूर 440, बुलढाणा 443, आमचं यवतमाळ 445. म्हणजे वेगळा विदर्भ पोस्टाने कधीचाच देऊन टाकला आहे, तोही मोर्चा न काढता. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेलं की पिनकोड एकदम 504 होतो. कापूस तोच, तूर तीच, ऊनही तेच.

हल्ली कुणी पोस्टाला ‘कंपनी’ म्हटलं की जुने कर्मचारी चिडतात. ते सरकारी खातं आहे, हे खरंच. पण मुळात ते कंपनीचंच होतं की! 1853 साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं (गहाण पडायची आमची सवय सातबाऱ्याहून जुनी आहे), आणि पुढच्याच वर्षी, 1 ऑक्टोबरला, देशभर चालणारी तिकिटं आली. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. त्याआधी जेवढं अंतर लांब तेवढा दर जास्त, म्हणजे सासर दूर असलेल्या मुलीची खुशाली बापाला महाग पडायची.

त्यानंतर मात्र या खात्याने ‘हे आमचं काम नाही’ असं कधी म्हटल्याचं दिसत नाही. 1879 ला पोस्टकार्ड, 1880 ला मनीऑर्डर, 1882 ला बचत बँक, 1884 ला विमा. बंगालात हिवतापाचा कहर होता तेव्हा पोस्टाच्या खिडकीवर क्विनाइनच्या पुड्या विकल्या गेल्या. 2016 पासून त्याच खिडकीवर गंगाजलाची बाटलीही मिळू लागली. एकाच खात्याने रोग्याची एवढी पूर्ण सोय केल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

पत्रं तेवढी आटली. तार 2013 साली गेली. रजिस्ट्री 2025 साली स्पीड पोस्टात मिसळली. तरी जाड पाकीट दिसलं की कास्तकाराच्या पोटात पूर्वीइतकाच गोळा येतो, कारण बँकेची नोटीस कुठल्याही नावाने आली तरी नोटीसच असते.

पण पोस्टात गर्दी आहेच. ‘लाडकी बहीण’ निघाली आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडायला बायांच्या रांगा लागल्या. आता पोस्टमन दारात येतो तो मोबाइल आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. मशीनची काच उजळते, पण आजीचा अंगठा काही पटत नाही. जन्मभर कापूस वेचून आणि निंदण करून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. पोस्टमन बोट पुसायला लावतो, थोडं खोबरेल चोळायला सांगतो, मग दुसरं बोट, मग तिसरं. पूर्वी मनीऑर्डरवर शाईचा अंगठा उठायचा, शेजारचा कुणी साक्षीदार म्हणून सही करायचा आणि रेषा कुणी मोजत बसत नसे.

“तो मनीऑर्डरवाला बरा होता बाप्पा,” आजी वैतागते. “घडीभर चहा प्याले बसे, पन मले वयखे.”

“मीबी वयखतो ना आजी. मशीन नाई वयखत.”

“मंग मशीनले पाज चहा!”