होताकाका

रविवारी सकाळी सातला पुण्याच्या पेठांत डोक्यावर टोपी, गळ्यात छोटा स्पीकर आणि मागे पंधरा-वीस माणसांचं लेंढार घेऊन निघालेले गृहस्थ दिसले, की ते होताकाका समजावेत. जन्म पेठेतला, नोकरी बँकेतली, आता निवृत्त. हेरिटेज वॉक फुकट घेतात. वर चहाही स्वतःच पाजतात.

नाव पडलं ते लाडक्या क्रियापदावरून. "इथे वाडा होता, इथे हौद होता..." मंडळी माना वर करतात, तर समोर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान! काकांचा तरी काय दोष? शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि जोती उरली. फुले दांपत्याने १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली, तो भिडेवाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडला. लाल महाल उभा आहे खरा. पण तो महापालिकेने १९८०च्या दशकात बांधलेला, म्हणजे काकांच्या नोकरीपेक्षा लहान. हे मात्र ते आवाज उतरवून सांगतात. सेल्फी काढणाऱ्यांचा विरस कोण करणार?

गंमत म्हणजे नोकरीत असताना काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीवरून रोज स्कूटर जायची. १७५४ला सुरू होऊन १७७०ला पुरं झालेलं हे दगडी देऊळ. गणपतीला सोंडा तीन, हात सहा, वाहन मोर. आत संस्कृतच्या जोडीला फारसी शिलालेख आणि दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई. काकांनी आत पाऊल टाकलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही पाहुण्याने ओढून नेलं म्हणून.

पाहुणा नागपूरचा.

ती लाज अजून त्यांच्या पायांत आहे. म्हणूनच ते इतके भराभर चालतात आणि बाणेरहून आलेली मंडळी मागे धापा टाकतात.

तांबट आळीत मात्र 'होता'चा इलाज चालत नाही. तिथे तांब्यावर हातोडे पडत असतात, मठारकाम चालू असतं, स्पीकर निकामी. काका मग थोडं पुढे जाऊन एका ओट्याशी थांबतात आणि नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांत पाणी कसं खेळवलं ते हात पसरून सांगू लागतात.

"इथेही एक हौद होता..."

"इथे नाही रे, त्या अंगाला," ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजी म्हणतात. "तू पडला होतास की त्यात. चड्डी वाळत घातली होती आमच्याकडे."

वॉकमधलं बाकी सगळं विसरलं जातं, एवढं लक्षात राहतं. काका रागावत नाहीत. खिशातली वही काढून टिपून घेतात, आणि पुढच्या रविवारी हौद त्या अंगाला सरकलेला असतो. चड्डीचा उल्लेख तेवढा गाळलेला.

येणार असाल तर वेळेवर या. आजी सव्वाआठपर्यंतच ओट्यावर असतात. मग तिथे ऊन येतं.