शस्त्रक्रियोत्तर श्वाननिद्रा : गृहस्थाश्रमी कुटुंबांसाठी मार्गदर्शिका

संस्कृत सुभाषितकारांनी आदर्श विद्यार्थ्याची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांत कावळ्याची धडपड आणि बगळ्याची एकाग्रता यांच्या जोडीला श्वाननिद्रा, म्हणजे जराशी चाहूल लागताच मोडणारी सावध झोप, हिचाही समावेश आहे. हे लक्षण सांगणाऱ्याने कुत्रे नीट पाहिले होते, याविषयी शंका नाही; परंतु नसबंदीची शस्त्रक्रिया होऊन संध्याकाळी घरी आणलेली सात महिन्यांची देशी कुत्री, तिच्या गळ्यातला प्लास्टिकचा कोन आणि तिच्याभोवती दिवाणखान्यात उकिडवे बसलेले पाच जणांचे कुटुंब हे दृश्य बहुधा त्याच्या पाहण्यात आले नसावे, अन्यथा श्वाननिद्रा हे लक्षण त्याने विद्यार्थ्याऐवजी गृहस्थाला लावले असते. प्रस्तुत मार्गदर्शिका रुग्णाच्या रात्रीच्या विश्रांतीसाठी योजलेली असली, तरी तिच्यातील बहुतेक सूचना रुग्णाखेरीज घरातील इतर सर्वांना उद्देशून आहेत, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

मादी कुत्र्याची नसबंदी म्हणजे तिचे पोट उघडून अंडाशये आणि बहुधा गर्भाशयही काढून टाकणे होय. शस्त्रक्रिया नित्याची असली तरी ती पोटाची आहे, आणि बाहेरून दिसणारा टाक्यांचा लहानसा माग हा आतल्या कामाच्या मानाने फारच विनयशील असतो. त्वचेवरचे टाके साधारणपणे १० ते १४ दिवसांनी काढतात आणि तोवर पळणे, उड्या मारणे, जिने चढणे व अंघोळ ही सर्व वर्ज्य असतात. डॉक्टर ही गोष्ट दवाखान्याच्या दारात एका वाक्यात सांगतात. मालकही ती एका वाक्यात मान्य करतो, आणि त्याच क्षणी रुग्ण रिक्षात उडी मारून बसू पाहतो.

पहिल्या रात्रीचे स्वरूप पुढील सर्व रात्रींहून वेगळे असते. भुलीचा अंमल पूर्ण उतरण्यास २४ तासांपर्यंत अवधी लागू शकतो, आणि त्या काळात कुत्री अर्धवट डोळे उघडे ठेवून, कोणाकडेही न पाहता, एका सुरात कण्हत राहते. या कण्हण्याचे कारण प्रत्येक वेळी वेदनाच असते असे नाही. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांमुळे येणारा गोंधळलेपणा हेही त्याचे कारण असू शकते. तथापि हा भेद कुटुंबास ठाऊक नसल्यामुळे रात्री साडेनऊ ते पावणेबाराच्या दरम्यान दवाखान्यास अनेक फोन जातात आणि प्रत्येक फोनवर घरातील वेगळी व्यक्ती तोच प्रश्न विचारते. अंग थरथरणे, जोरजोराने धापा टाकणे, कमान करून उभे राहणे, कोणत्याच कुशीवर न टिकणे, हात लावताच गुरगुरणे ही वेदनेची अधिक विश्वसनीय लक्षणे मानावीत. भुलीने शरीराचे तापमान उतरते, म्हणून वाऱ्याच्या झोतापासून दूर जाड चादरीवर तिला निजवावे. गरम पाण्याची पिशवी मात्र थेट अंगाशी लावू नये, कारण गुंगीतल्या प्राण्याला चटका बसत असूनही बाजूला सरकण्याचे सुचत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून सलाईन दिलेले असते, त्यामुळे त्या रात्री लघवी नेहमीपेक्षा अधिक होते. ती गादीवर झाली तर तो रुग्णाचा स्वभावदोष समजू नये.

येथे मराठी घरात उद्भवणाऱ्या एका विशेष अवस्थेचा विचार विस्ताराने करणे आवश्यक आहे. तिला या मार्गदर्शिकेत ‘बाळंतिणीचा भास’ असे नाव दिले आहे. मादी, पोट, टाके आणि अशक्तपणा हे चार शब्द कानावर पडताच घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या मनात एक संपूर्ण शास्त्र आपोआप जागे होते, आणि यापुढे पिल्ले होऊ नयेत एवढ्याचसाठी जी शस्त्रक्रिया केली, तिच्यानंतर रुग्णास सव्वा महिन्याचे बाळंतपण लाभते. आजी संध्याकाळीच कणकेच्या डब्यामागून डिंक काढतात. डिंकाच्या लाडवात जायफळ असते, काही घरांत मनुकाही असतात. पैकी मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि जायफळही त्याला मानवत नाही. बाळंतिणीच्या ताटातला लसूण तर कांद्याप्रमाणेच कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. पहिल्या रात्री रुग्णास मऊ भात व उकडलेली कोंबडी यांचा नेहमीच्या निम्म्याहून कमी घास पुरतो, आणि तोही तिने नाकारला तर लगेच शोकसभा भरवण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही तर मात्र डॉक्टरांना कळवावे.

लाडवानंतर शेगडी येते आणि शेगडीनंतर धुरी. बाळंतशोपा, वावडिंग व ओवा निखाऱ्यावर टाकून खोली धुराने भरावी, हा विचार मांडला जाताना कोणाच्याही मनात कपट नसते. परंतु भूल देताना कुत्र्याच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे घसा एक-दोन दिवस हुळहुळा राहून खोकल्याची ढास लागू शकते, आणि धुराने ती बळावते. खोकताना पोटाला बसणारा हिसका टाक्यांच्या हिताचा नव्हे. जखमेवर हळद, खोबरेल तेल किंवा कडुलिंबाचा लेप लावण्याचा प्रस्तावही याच सुमारास येतो. तो तत्काळ फेटाळावा, कारण टाक्यांना कोरडेपणा हवा असतो, आणि तेलाचा वास हे कुत्र्याला चाटण्याचे खुले निमंत्रण ठरते. या संपूर्ण शास्त्रातील एकच अंग पशुवैद्यकाला मान्य होण्याजोगे आहे, आणि ते म्हणजे पोट बांधणे. शस्त्रक्रियेनंतर घालण्याचा सुती अंगरखा बाजारात मिळतो. तो न मिळाल्यास लहान मुलाचा जुना टी-शर्ट, गळ्यातून डोके व बाह्यांतून पुढचे पाय काढून आणि शेपटीपाशी सैल गाठ मारून, काही प्रमाणात तेच काम करतो. आजींना हे काम सोपवावे. त्यांचे समाधान होते, टाके झाकले जातात, आणि शेगडी माळ्यावर परत जाते.

अंगरखा असला तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोन सुटत नाही. या उपकरणाचे पूर्ण नाव एलिझाबेथन कॉलर असे असून, इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत, म्हणजे १५५८ ते १६०३ या काळात, दरबारी मंडळी मानेभोवती चुणीदार झालरीची जी भव्य गोल कॉलर मिरवीत, तिच्यावरून ते पडले आहे. त्या दरबाऱ्यांना निजताना कॉलर उतरवून ठेवण्याची मुभा होती. रुग्णास ती नसते, आणि नेमका हाच मुद्दा रात्री दोन वाजता कुटुंबाच्या करुणेपुढे टिकत नाही. कोन दाराच्या चौकटीवर आदळतो, पाण्याचे भांडे उलथतो, झोपताना आवाज करतो; त्यातून डोकावणारे तोंड पाहून घरातील एखादी मृदू हृदयाची व्यक्ती, सामान्यतः दिवसा सर्वांत कडक बोलणारे आजोबाच, तो काढून ठेवतात. कुत्र्याच्या जिभेत औषधी गुण असल्याचा समज आपल्याकडे दृढ आहे. वास्तविक त्या जिभेवर जंतूंची दाट वस्ती असते, आणि तरुण कुत्रीला पुढच्या दातांनी टाके उसवण्यास एक डुलकीभर अवधी पुरतो. कोन नाकाच्या शेंड्यापुढे थोडा जाईल एवढा लांब असावा, जेवताना कोणी समोर बसले असेल तरच काढावा, आणि रात्री, म्हणजे ज्या वेळी पाहायला कोणी जागे नसते त्या वेळी, तो कदापि काढू नये. शस्त्रक्रियेपूर्वीच चार दिवस थोडा थोडा वेळ कोन घालून त्यात खाऊ दिल्यास पुढचा निम्मा तमाशा टळतो. परंतु ही सूचना नेहमी शस्त्रक्रियेनंतरच वाचली जाते.

झोपण्याच्या जागेविषयी गृहस्थांमध्ये दोन संप्रदाय आढळतात. वत्सल संप्रदायाच्या मते रुग्णाने पलंगावर, सुनेच्या पायांशी आणि शक्य झाल्यास उशीवर निजावे. कठोर संप्रदायाच्या मते तिने गॅलरीत निजून शिस्त शिकावी. दोन्ही मते त्याज्य आहेत. पलंगावरून उतरताना पोटावर येणारा ताण टाके ओळखतात, आणि गॅलरीत एकटी पडलेली कुत्री रात्रभर जी कैफियत मांडते, ती सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत लेखी स्वरूपात पोहोचते. योग्य जागा म्हणजे माणसांच्याच खोलीत, जमिनीवर ठेवलेला क्रेट, अर्थात उभे राहता, वळता व अंग पसरता येईल आणि कोनासकट आत जाता येईल एवढा पिंजरा. पिंजरा हा शब्द उच्चारताच ‘पोरीला कोंडून घालता का रे?’ हा सवाल येतो. त्यास उत्तर असे की ज्या कुत्रीला आधीपासून त्यात जेवण मिळाले आहे, तिला तो तुरुंग वाटत नाही; आणि जिला ही सवय नाही, तिला शस्त्रक्रियेच्याच रात्री त्यात ढकलण्यापेक्षा खोलीचा एक कोपरा खुर्च्या आडव्या लावून आखून द्यावा. पहिल्या काही रात्री एका माणसाने त्या कोपऱ्याशेजारी गादी टाकून निजावे. एकाच माणसाने, हे पुन्हा सांगणे भाग आहे. घरातील सर्वांनी आळीपाळीने दर तासाला येऊन ‘झोपली का?’ असे तिलाच विचारण्याची पद्धत बंद करावी.

मध्यरात्रीचे कुईकुई हा या शास्त्रातील गाभ्याचा विषय होय. ते ऐकू येताच प्रथम लघवीची शक्यता गृहीत धरावी: दिवा मोठा न लावता पट्टा अडकवावा, लिफ्ट असेल तर लिफ्टने व नसेल तर उचलून खाली न्यावे, उभे राहावे, परत आणावे, आणि या संपूर्ण प्रवासात एक शब्दही बोलू नये. मौन पाळणे कुटुंबास सर्वांत अवघड जाते. ‘आली गं माझी बाय, दुखतंय का गं सोन्याला’ या वाक्याने रुग्णास एवढेच कळते की रात्री अडीच वाजता हाक मारली असता सभा भरते, आणि बुद्धिमान प्राणी असल्याने ती दुसऱ्या रात्री सव्वादोनला हाक मारते. ज्या माणसाचा सहवास घरात सर्वांत कंटाळवाणा समजला जातो, त्याची या कामी नेमणूक व्हावी. त्याच्या या गुणाचा असा उपयोग आजवर कोणी करून घेतलेला नसतो. लघवी होऊनही तक्रार चालू राहिल्यास जाळीतून हात आत सोडून स्थिर ठेवावा. थोपटणे, गाणे म्हणणे आणि बिस्किट ही तिन्ही निषिद्ध आहेत.

तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून प्रश्न उलटा होतो. वेदना ओसरते, कुत्रीला आपण बरे झालो असे वाटते आणि कुटुंबालाही तसेच वाटते. आतली शिवण मात्र अद्याप कच्ची असते आणि धावण्या-उड्यांनी तिथे सूज येणे, पाणी साचणे किंवा टाके सुटणे हे सारे याच दिवसांत घडते. पाय चालवता येत नसतील तर नाक चालवावे, हा त्यावरचा उपाय. जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून शोधायला लावणे, चाटण्याच्या पोकळ खेळण्यात दहीभात भरून गोठवून देणे, पट्ट्याला धरून एकाच झाडाचा वास तिला हवा तितका वेळ घेऊ देणे, यांनी तरुण कुत्री पळण्याइतकीच दमते. हा उद्योग संध्याकाळी उरकावा, रात्री दहाला नव्हे. संगीताबाबत एक अभ्यास उपलब्ध आहे: बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील डेबोरा वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवाऱ्यातील कुत्र्यांना निरनिराळे ध्वनी ऐकवून २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पाश्चात्त्य अभिजात संगीत चालू असताना कुत्री अधिक विसावली, तर हेवी मेटलच्या वेळी अधिक भुंकली. ख्यालगायकीचा त्यात समावेश नव्हता. ही त्रुटी भरून काढण्यासाठी आजोबांनी मंद आवाजात मालकंस लावण्यास हरकत नाही, फक्त विलंबित संपून द्रुत तराणा सुरू होण्यापूर्वी तो बंद करावा.

औषधांच्या बाबतीत विनोदाला जागा नाही. माणसाच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याला ‘पाव तुकडा’ म्हणूनही देऊ नये; आयब्युप्रोफेनने पोटात व्रण होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि पॅरासिटामॉलने यकृत. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक दिवसातून एकदाच द्यायचे असेल, तर ते संध्याकाळच्या जेवणासोबत देता येईल का, हे त्यांनाच विचारावे, म्हणजे त्याचा अंमल रात्रीवर पडेल. फारच चंचल रुग्णासाठी शांत करणारे औषधही ते देऊ शकतात. आजोबांची झोपेची गोळी आजोबांनीच घ्यावी. हिरड्या पांढुरक्या दिसणे, जखमेतून सतत रक्त किंवा पू येणे, टाक्यांमध्ये फट पडणे, वारंवार उलट्या होणे किंवा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. म्हणून रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावा.

टाके काढण्याचा दिवस बहुधा बाराव्याच्या आसपास येतो, आणि हा योगायोग आजींच्या नजरेतून सुटत नाही. तथापि त्या दिवशी बारसे नसून केवळ कात्री आणि चिमटा यांचे काम असते. अंघोळ कधी घालायची, जिना कधी मोकळा करायचा, हे डॉक्टर सांगतील तेव्हाच करावे. पेढे वाटायचेच असतील तर ते माणसांत वाटावेत. त्यांत चॉकलेटचे असल्यास कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवावेत, कारण चॉकलेट कुत्र्यांना विषारी असते आणि त्या दिवसापासून तिला उडी मारण्याची मनाई उरलेली नसते.