खारे काका

त्यांचं खरं आडनाव खाली लेटरबॉक्सवर आहे, पण नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमन ओळखतो. गोड्या पाण्यात गप्पी, गोल्डफिश पाळणारे बी विंगमध्ये दोघे-तिघे आहेत. काका त्यांना आपल्यात धरत नाहीत. त्यांच्या टाक्या बघून 'मुलांना विरंगुळा म्हणून ठीक आहे' एवढंच म्हणतात, आणि ते ऐकून बी विंग त्यांना गणपतीची वर्गणी मागायलासुद्धा जात नाही.

खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारा असा एक तरी गृहस्थ वाशीपासून खारघरपर्यंत कुठल्याही नोडमध्ये सापडतो. ओळखायची खूण सोपी आहे. लाइट गेली की घरातली माणसं वही हलवत बाल्कनीत येतात आणि आत इन्व्हर्टरवर माशांचे पंप मजेत चाललेले असतात. मे महिन्यात हॉलमधला एसी दिवसभर चालू असतो. पाहुण्यांना वाटतं, केवढं हे अगत्य! काकांची नजर मात्र टाकीच्या थर्मामीटरवर असते. पारा 26 च्या वर चढता कामा नये.

आता पाण्याचं बघा. काकांच्या बाल्कनीतून खाडी दिसते. तरी काका मोरबे धरणाचं चांगलं गोडं पाणी घेतात, आरओला लावून त्यातलं होतं-नव्हतं तेवढं सगळं काढून टाकतात, आणि मग डब्यातून विकत आणलेलं मीठ लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास घालून पुन्हा समुद्र तयार करतात. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याने वहिनी लाद्या पुसतात, त्यामुळे त्या घराइतक्या स्वच्छ लाद्या मी कुठे पाहिल्या नाहीत. मी एकदा सहज विचारलं, "काका, खाडीतून चार बादल्या आणल्या तर?" काका चष्मा काढून म्हणाले, "त्या खाडीला 2022 मध्ये रामसरचा दर्जा मिळालाय. फ्लेमिंगोंना चालतं ते पाणी. माझ्या माशांना नाही."

कायद्याचंही त्यांना पाठ आहे. टाकीत खरे प्रवाळ का नाहीत, असं कोणी विचारलं की त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. 2001 मध्ये प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसले; घरात ठेवले तर सरळ गुन्हा. म्हणून काकांच्या टाकीत रेझिनचे प्रवाळ आहेत. ते टूथब्रशने घासण्याचं काम मुलाकडे असतं.

पण काका खरे खुलतात ते नवा मासा आणायचा असला की. मासा येतो कुर्ल्याहून. दुकानात ते तासभर माशाकडे बघत उभे राहतात, कल्ले किती भरभर हलताहेत ते मोजतात आणि दुकानदाराला तो खाताना दाखवायला लावतात. मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा काकांनी एवढी चौकशी केली नव्हती, असं वहिनी म्हणतात. मग ऑक्सिजन भरलेली पिशवी थर्माकोलच्या खोक्यात आणि खोकं हार्बर लाइनच्या गाडीत. तिसरी सीट मिळाली तर तिच्यावर खोकं बसतं, काका फोर्थ सीटवर एका मांडीने लटकतात. वाशीच्या पुलावर लोक खिडकीतून निर्माल्य टाकायला सरसावले की काका खोक्यावर दोन्ही हात पसरतात. का ते कोणी विचारत नाही, इतका त्यांचा चेहरा गंभीर असतो.

घरी आल्यावर हा मासा थेट मोठ्या टाकीत जातो असं ज्यांना वाटतं, ते बी विंगचे. तो आधी महिनाभर वेगळा राहतो, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकाने आणला की सगळी टाकी साफ. ही विलगीकरणाची छोटी टाकी बारावीतल्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. मुलगा अभ्यासाला स्वयंपाकघरात बसतो.

आणि त्या छोट्या टाकीतही मासा असा सहज जात नाही. खोलीतला दिवा बंद. टीव्हीचा आवाज बारीक. बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगवायची म्हणजे तापमान जुळतं. मग पिशवीतला थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेऊन काका एक डोळा मिटून ट्यूबलाइटकडे रोखून बघतात आणि निकाल देतात, "एक पूर्णांक शून्य एकोणीस!" दुकानदार पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात, मीठही वाचतं आणि परोपजीवीही कमी होतात. घरचं पाणी 1.025. तेवढा फरक एकदम दिला तर माशाच्या अंगातलं पाणीच बाहेर ओढलं जातं. म्हणून बादलीत मासा, वर टाकी आणि मधे पातळ नळी. नळीला एक सैल गाठ असते, ती आवळून-सोडून सेकंदाला दोन-तीन थेंब बसवायचे. पाणी खाली यायला नळी तोंडाने ओढावी लागते. दर वेळी एक घोट पोटात जातो, आणि बरोबर कालवलंय की नाही हे काका त्या चवीवरून सांगतात.

पुढचा तास ते स्टुलावर बसून थेंब मोजतात. "माझे वडील ॲडमिट होते, सलाइन संपली तेव्हा हे खाली कँटीनमध्ये भजी खात होते," हे वहिनी दर वेळी ऐकवतात. काका दर वेळी "शू" म्हणतात.

या तासाबद्दल काकांचं खारघरच्या एका टाकीवाल्याशी वैर आहे. त्याच्या मते थेंबाथेंबाचं हे प्रकरण माशाच्या जिवावर उठतं. त्यात तथ्य आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाण्याचा पीएच उतरतो, आणि तशा पाण्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात गप्प असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दोन दिवस विमानाने आलेल्या माशाला त्याच पाण्यात तासभर ठेवणं म्हणजे त्याचा काटा काढणंच. काकांचं उत्तर तयार आहे : "माझा मासा विमानाने नाही, पनवेल लोकलने आलाय."

यंदाचा मासा क्लाउनफिश, अंगठ्याएवढा. खारटपणा जुळल्यावर काकांनी तो जाळीने अलगद टाकीत सोडला आणि बादलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं; दुकानातलं पाणी ते टाकीला शिवू देत नाहीत. मासा पाइपमागे जाऊन बसला. वहिनींना किंमत दीडशे सांगितली होती. खरी किंमत काकांना आणि जीपेला माहीत.

रविवारी दोघं नेहमीप्रमाणे बेलापूरला दिवाळे गावात बोंबील घ्यायला गेली, पिशवी धरायला मी होतो. काकांना नव्या माशाबद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन नव्हतं. कोळणीच्या पाटीशी वाकून त्यांनी अंगठा दाखवत त्याचे पट्टे, त्याचा रंग, सगळं वर्णन केलं.

"कितीला घेतलास?" तिने विचारलं.

काकांनी वहिनींकडे पाहिलं. "दीडशे."

"दीडशे? यवरुशा मासलीला?" तिने शेजारणीला हाक मारून तो अंगठा दाखवला. "आनि खायाचा पन नाय? दादा, तुला चांगलाच फसवलान!"

"मी तेच म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि बोंबलाचे पैसे घासाघीस न करता देऊन टाकले.