वेताळ चालतो, हॅरी नको

"यात जादूटोणा फार आहे," म्हणत पुस्तक प्रदर्शनात हॅरी पॉटर परत फळीवर ठेवणारे बाबा स्वतः 'चांदोबा' वाचून वाढलेले असतात. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या त्या मासिकात राजा विक्रम दर महिन्याला मसणात जाऊन प्रेत खांद्यावर घ्यायचा. प्रेतातला वेताळ प्रश्न घालायचा आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकी द्यायचा. एवढ्या तोंडी परीक्षा झेलूनही बाबा मांत्रिक झाले नाहीत, बँकेत लागले. आजी तर झोपताना पूतनेची गोष्ट सांगते, विषासकट. तिला कुणी वयोगट विचारत नाही.

काळजी वाटते तर मुलांना मार्गदर्शन करावं की! पण त्यासाठी पुस्तक आधी स्वतः वाचावं लागतं, आणि हॅरीचा चौथा भागच सहाशे पानांच्या वर. त्यापेक्षा बंदी सोपी. शिवाय 'यशस्वी मुलांच्या सवयी' छापाचं काहीतरी घेतलं की खरेदीचं पुण्यही पदरात पडतं.

लेक सध्या मैत्रिणीकडून आणलेल्या पाचव्या भागात आहे. तो भूगोलाच्या पुस्तकामागे मावत नाही, म्हणून ॲटलास उभा धरते. अभ्यासातली गोडी पाहून बाबा खूश आहेत.